बोरीबंदरचे स्थपति : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

आपल्या डोळखांबच्या बाजूचा मनुष्य कामानिमित्त मुंबईस निघाला, म्हणजे बहुधा आसनगांवास गाडींत बसतो आणि बोरीबंदरास उतरतो. उतरल्यावर त्याचें लक्ष आपल्या गांठोड्याकडे, बरोबरच्या मुलाबाळांकडे आणि बाहेर जाण्याच्या वाटेकडे असतें. मान वर करून डोक्यावरचें छत पाहण्यास त्याला सवड कोठून असणार? रस्ता ओलांडून पलीकडे गेलें, कीं उंच मनोऱ्याची दुसरी एक भव्य इमारत समोर येते. ती मुंबईच्या महानगरपालिकेची. आपल्या शहापूर तालुक्यांतील तानसेचें पाणी ज्या नळांनीं मुंबईच्या घरोघरीं जातें, त्या नळांचा धनी ही महानगरपालिका होय. म्हणजे आपली गाडी जेथें थांबते तें घर आणि आपल्या डोंगरांचें पाणी जें वाटतें तें घर, हीं दोन्ही घरें एकमेकांसमोर उभीं आहेत, आणि तीं दोन्ही एकाच माणसाच्या बुद्धींतून निर्माण झालीं आहेत. ज्या राणीच्या नांवानें हें स्टेशन पुष्कळ वर्षें ओळखलें गेलें तिचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. परंतु ज्या माणसानें कागदावर पहिली रेघ ओढली त्याचें नांव विचारलें, तर वर्गांत एकही हात वर होत नाहीं. तें नांव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स असें होतें. त्यांचें चरित्र पुढें थोडक्यांत देत आहें.

स्टीव्हन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजीं इंग्लंडच्या पश्चिम भागांतील बाथ या शहरीं झाला. हें शहर उष्ण पाण्याच्या झऱ्यांबद्दल प्रसिद्ध आहे. आमच्या ठाणें जिल्ह्यांत वज्रेश्वरी-गणेशपुरीस जसे लोक उन्हाळ्यांत स्नानास जातात, तसे तेथेंही फार प्राचीन काळापासून जात आले. रोमन लोकांनीं त्या झऱ्यांवर दगडी स्नानगृहें बांधिलीं होतीं. शहरांतील घरें तेथल्याच खाणींतून निघणाऱ्या मधाच्या रंगाच्या दगडाचीं आहेत. अशा गांवीं वाढलेल्या मुलास दगडाची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागत नाहीं. बाळपणीं शाळेस जातां-येतां जें डोळ्यांपुढें असतें, तें आयुष्यभर हातांत उतरतें.

त्यांचें शालेय शिक्षण बाथच्या ग्रामर स्कुलांत झालें. पुढें विद्यापीठांत वगैरे ते गेले नाहींत. १८६२ सालीं, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, बाथचे स्थपति चार्ल्स डेव्हिस यांच्याजवळ पांच वर्षें उमेदवारी करण्याचा त्यांनीं करार केला. उमेदवारीची ही चाल आमच्या इकडे नवी नाहीं. सुताराचा मुलगा बापाच्या जवळ बसून आधीं रंधा धरावयास शिकतो, मग लांकूड ओळखावयास शिकतो आणि सर्वांच्या शेवटीं स्वतःच्या मनानें कांहीं घडवूं लागतो. विलायतेंत त्या काळीं बहुतेक स्थपति याच रीतीनें तयार होत. दुसऱ्याचे नकाशे स्वच्छ करून काढणें, मापें घेणें, गवंड्यांच्या कामावर लक्ष ठेवणें, अशा कामांत तीं पांच वर्षें जातात. मुलांनीं हें मुद्दाम ध्यानांत घ्यावें, कारण पांच वर्षें दुसऱ्याच्या रेघा गिरवावयाच्या म्हटलें, तर आजच्या विद्यार्थ्यास तो वेळेचा अपव्यय वाटेल.

करार पुरा झाला तें साल १८६७. त्या सालीं हिंदुस्थान सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकरितां विलायतेंत चढाओढीची परीक्षा असे; तींत ते उत्तीर्ण झाले व असिस्टंट एंजिनियर म्हणून इकडे आले. त्या वेळीं त्यांस वीस वर्षें नुकतींच पुरीं होत होतीं. सुवेझचा कालवा अद्याप खुला व्हावयाचा होता. तो १८६९ सालीं झाला. बाथमध्यें कोणी त्यांना मोठा बुद्धिमान समजत असे, किंवा त्यांच्या पाठीशीं एखादा वजनदार आप्त होता, असें त्यांच्या चरित्रांत कोठें आढळत नाहीं. नोकरीच्या शोधांत परीक्षा देऊन दूर देशीं गेलेल्या शेंकडों तरुणांपैकीं ते एक होते.

प्रथम त्यांची नेमणूक पुण्यास झाली. तेथून लवकरच त्यांस मुंबईस आणण्यांत आलें, आणि हाच त्यांच्या आयुष्यांतील खरा योग म्हणावा लागेल. कारण त्या वेळची मुंबई म्हणजे बांधकामाचा एक मोठा कारखानाच होऊन राहिली होती. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांस मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानें घ्यावा लागला. त्या पैशाच्या पुरांत गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं मुंबईच्या कोटाच्या जुन्या भिंती पाडविल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेंत सरकारी कचेऱ्या, न्यायमंदिर, विद्यापीठ असा सारा नवा सरंजाम उभा करण्याचें ठरविलें. युद्ध संपतांच कापसाचा भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या, कैक घराणीं धुळीस मिळालीं. तथापि इमारतींचें काम थांबलें नाहीं.

या इमारतींस जी शैली निवडली गेली तिला गॉथिक म्हणतात. तिचा उगम युरोपांतील मध्ययुगीन देवळांत आहे. वर निमुळती होत जाणारी टोंकदार कमान, उंच मनोरे, दगडांत कोरलेलीं पानेंफुलें व पशुपक्षी, रंगीत कांचांच्या खिडक्या, हीं तिचीं लक्षणें होत. एकोणिसाव्या शतकांत विलायतेंत या शैलीचें पुनरुज्जीवन झालें होतें आणि तेथील नामांकित स्थपति घरबसल्या नकाशे काढून ते आगबोटीनें मुंबईस पाठवीत. विद्यापीठाचें सभागृह व राजाबाई टॉवर यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे आहेत. परंतु त्या गृहस्थांनीं मुंबई कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं. त्यांच्या इमारती सुंदर आहेत यांत वाद नाहीं. पण श्रावणांतला आडवा पाऊस कोणत्या बाजूनें येतो, वैशाखांत दुपारीं चार वाजतां पश्चिमेच्या खोलींत बसवतें कीं नाहीं, कुर्ल्याचा दगड छिन्नीखालीं कसा वागतो आणि पोरबंदरचा कसा, हें टपालानें कळत नाहीं. स्टीव्हन्स यांना तें कळलें, कारण ते येथें राहिले.

मुंबईस ते कर्नल फुलर यांच्या हाताखालीं काम करूं लागले. मुंबईचें हायकोर्ट ज्यांनीं बांधिलें तेच हे फुलर. स्टीव्हन्स यांच्याकडे स्वतंत्रपणें आलेलें पहिलें मोठें काम म्हणजे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, अर्थात् खलाशांचें विश्रामगृह. बंदरांत उतरणाऱ्या खलाशांस शहरांत निवारा नसे, आणि मग दारूचे गुत्ते व वाईट संगत यांच्या तावडींत ते सांपडत. १८७० सालीं राणीचे पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो मुंबईस आले. त्या भेटीचें स्मारक म्हणून बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनीं या कामासाठीं दोन लाख रुपये दिले आणि राजपुत्राच्या हस्तें कोनशिला बसविण्यांत आली. १८७६ सालीं इमारत पुरी झाली. वीस अधिकारी आणि अठ्ठावन खलाशी यांच्या राहण्याची तींत सोय होती. दर्शनी भागावर समुद्रदेवतेचें कोरीव चित्र आहे. पुढें १९२८ सालीं सरकारनें ही वास्तु विकत घेतली, तींत कायदेमंडळ भरूं लागलें, आणि आतां तेथें महाराष्ट्राच्या पोलिसांची मुख्य कचेरी आहे. या पहिल्या इमारतींत स्टीव्हन्स यांचा हात पक्का दिसतो, परंतु मन अद्याप विलायतेंतच आहे असें मला वाटतें. बाथहून आणलेली शिदोरी त्यांनीं येथें सोडली, इतकेंच.

यानंतरचें काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचें. या कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. पुढें तिचा लोहमार्ग कल्याण, वासिंद, आसनगांव असा आपल्या तालुक्यांतून सरकत १८६१ सालीं कसाऱ्यास पोंचला व १८६५ सालीं थळ घाट चढून इगतपुरीस गेला. १८७० सालीं जबलपुराजवळ कलकत्त्याच्या मार्गाशीं त्याची गांठ पडली. वऱ्हाड-खानदेशचा कापूस, विलायतेचा माल, हजारों उतारू यांची ये-जा होऊं लागली, तरी मुंबईचें स्टेशन मात्र जुनें, साधें आणि तोकडें. तेव्हां कंपनीनें ठरविलें कीं, एकाच वास्तूंत स्टेशन आणि कंपनीची मुख्य कचेरी या दोहोंची सोय व्हावी, आणि ती वास्तु कंपनीच्या ऐश्वर्यास शोभेल अशी असावी. हें काम स्टीव्हन्स यांच्याकडे आलें तेव्हां त्यांचें वय तीस वर्षांचें होतें.

त्यांनीं लगेच नकाशे काढण्यास आरंभ केला नाहीं. दहा महिन्यांची रजा घेऊन ते युरोपांत गेले आणि तेथील मोठमोठीं स्टेशनें स्वतः हिंडून पाहून आले. लंडनचें सेंट पँक्रस स्टेशन त्याच सुमारास पुरें झालें होतें, आणि बोरीबंदरच्या इमारतींत त्याची आठवण जाणत्यांस होते. १८७८ सालीं काम सुरू झालें आणि १८८८ च्या मे महिन्यांत तें संपलें. दहा वर्षें! खर्च सोळा लाख रुपयांवर गेला. मध्यंतरीं १८८७ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं, त्या निमित्तानें तिचें नांव स्टेशनास देण्यांत आलें. १९९६ सालीं तें बदलून छत्रपति शिवाजी टर्मिनस झालें व २०१७ सालीं त्यांत महाराज हें पद घालण्यांत आलें. लोकांच्या तोंडीं मात्र बोरीबंदर हें नांव या सर्व नांवांच्या आधींपासून आहे.

आतां ही वास्तु जरा निरखून पाहूं. मधलें अंग आणि दोन्हीकडे पुढें आलेले दोन हात, अशी तिची मांडणी आहे. त्या हातांच्या कुशींत बाग आहे. आमच्याकडील वाड्याचा चौक एका बाजूनें उघडा टाकावा, तशी ही रचना. मधल्या अंगावर मोठा घुमट. तो अष्टकोनी असून त्याच्या दगडी फांसळ्या एकमेकींत खांचा करून अशा बसविल्या आहेत, कीं बांधतांना खालून लांकडी सांगाड्याचा आधार द्यावा लागला नाहीं. ज्यांनीं विहिरीची किंवा मोरीची साधी कमान बांधतांना पाहिली असेल, त्यांस यांतील कौशल्य ताबडतोब कळेल; कारण कमानीखालचा सांगाडा कळीचा दगड बसल्याखेरीज काढतां येत नाहीं, हें गवंड्याचें पहिलें सूत्र आहे. गॉथिक शैलींत मनोरे असतात, असा घुमट सहसा नसतो. घुमटाखालीं रुंद दगडी जिना आहे; त्याच्या पायऱ्यांचें एक टोंक भिंतींत रुतलेलें व दुसरें अधांतरीं आहे. घुमटाच्या माथ्यावर साडेसोळा फूट उंचीची स्त्रीमूर्ति आहे. ती प्रगतीची देवता. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह व दुसरीकडे वाघ बसविला आहे. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. या मूर्ति विलायतेच्या टॉमस अर्प या मूर्तिकाराच्या आहेत. राज्य सिंहाचें असतांही दोन्ही जनावरें एकाच उंचीवर बसविलेलीं आहेत, ही गोष्ट मला नेहमीं विचार करावयास लावते. तिकिटें देण्याच्या दालनाचें छत निळें असून त्यावर सोनेरी तारे काढलेले आहेत. आंत इटलीचा संगमरवर आणि इकडचा झिलई दिलेला निळसर दगड शेजारी शेजारी लावला आहे.

दर्शनी भिंतींवर वर्तुळांत कांहीं मुखवटे कोरलेले आहेत. ते कंपनीच्या थोर पुरुषांचे. त्यांत सर जमशेटजी जीजीभाई यांचा मुखवटा आहे आणि नाना ऊर्फ जगन्नाथ शंकरशेट यांचाही आहे. नाना शंकरशेट हे आपल्या मुरबाडचे. १८०३ सालीं त्यांचा जन्म तेथें झाला. मुंबईस आगगाडी आणण्याच्या खटपटींत ते आरंभापासून होते आणि पहिल्या गाडींत बसले होते. मुरबाडच्या मुलांनीं आपल्या गांवच्या या पुरुषास तेथें जाऊन अवश्य शोधून काढावें.

याहून अधिक मौज कोरीव कामांत आहे. खिडक्यांच्या कमानींत पिसारा फुलविलेले मोर आहेत, खांबांच्या माथ्यांवर येथलींच पानें आहेत, कोपऱ्यांतून माकडें डोकावतात. हें काम मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं, आपले गुरु जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं केलें. हेच ग्रिफिथ्स आणि याच शाळेचे विद्यार्थी १८७२ पासून पुष्कळ वर्षें अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करीत होते. तेव्हां ज्या हातांनीं अजिंठ्याच्या भिंतींवरचे मोर कागदावर उतरविले, त्याच शाळेच्या हातांनीं बोरीबंदरच्या दगडांत मोर कोरले. एका टोंकास बाथची देवळें आणि दुसऱ्या टोंकास अजिंठा, अशी ही गांठ आहे. स्टीव्हन्स यांनीं प्रत्येक पान स्वतःच रेखाटून कारागिरांकडून त्याची नक्कल करवून घेतली असती, तर ती इमारत आणखी एक विलायती इमारत झाली असती. त्यांनीं कारागिरांस मोकळीक दिली, आणि माझ्या मतें हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण होय.

या ठिकाणीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. इमारतीच्या कामावर सीताराम खंडेराव वैद्य हे असिस्टंट एंजिनियर व एम्. एम्. जनार्दन हे पर्यवेक्षक होते. त्यांचीं नांवें कागदोपत्रीं राहिलीं. पण दहा वर्षें जे पाथरवट उन्हांत बसून छिन्नी चालवीत होते, ज्या बाया चुन्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन परांचीवर चढत होत्या, त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं? मुखवटे बसविले ते भांडवलवाल्यांचे. हा दोष एकट्या स्टीव्हन्स यांचा नव्हे, आणि आमचे पूर्वीचे राजेही या बाबतींत निराळे नव्हते. परंतु दोष तो दोषच. शिवाय ही सारी शोभा ज्या पैशावर उभी राहिली तो पैसा कंपनीस या देशांतील मालावर आणि उतारूंवर मिळाला होता, हेंही विसरून चालणार नाहीं.

१८८४ च्या सुमारास स्टीव्हन्स यांनीं सरकारी नोकरी सोडून मुंबईंतच स्वतंत्र धंदा थाटला. बोरीबंदरच्या कामाबद्दल सरकारनें त्यांस सी. आय. ई. ही पदवी दिली. या वेळीं विलायतेस परत जाऊन तेथें मान-धन मिळविणें त्यांना अवघड नव्हतें. पण ते गेले नाहींत.

त्यांना लगेच महानगरपालिकेचें काम मिळालें. स्टेशनासमोरील दोन रस्त्यांच्या बेचक्यांत ही त्रिकोणी जागा होती. १८८४ च्या डिसेंबरांत व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीं कोनशिला बसविली, पण आराखड्याविषयीं वाद पडून काम रखडलें. मद्रासचे स्थपति चिझम यांनीं हिंदी-मुसलमानी धर्तीचा आराखडा पुढें केला होता. अखेर १८८८ सालीं पसंती स्टीव्हन्स यांच्या आराखड्यास मिळाली. बेचक्याच्या टोंकाशीं त्यांनीं २५५ फूट उंचीचा मनोरा ठेवून त्यावर घुमट चढविला, आणि भोंवतीं लहान लहान घुमट बसविले. कमानी गॉथिक, पण आकाशरेषा विजापूर-दिल्लीची आठवण करून देणारी. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा आराखडा मागें पडला, तरी त्यांतील मुख्य विचार स्टीव्हन्स यांच्याही मनांत उतरूं लागला होता. बांधकाम १८८९ च्या एप्रिलांत सुरू होऊन १८९३ च्या जुलैंत संपलें. मक्तेदार वेंकू बाळाजी कालेवार हे होते. मंजूर रक्कम ११,८८,९६९ रुपये होती आणि प्रत्यक्ष खर्च ११,८८,०८२ रुपये आला. अंकगणिताच्या तासाला वजाबाकी करून पाहावी : ८८७ रुपये शिल्लक राहिले. सार्वजनिक कामांत अंदाजापेक्षां खर्च कमी आल्याचें उदाहरण दुर्मिळ असल्यामुळें हा आंकडा मीं मुद्दाम दिला आहे.

ही इमारत उभी राहत असतांनाच, म्हणजे १८९२ सालीं, आपल्या तालुक्यांतील तानसेचें धरण पुरें होऊन त्याचें पाणी मुंबईस गेलें. पुढें वैतरणेचें व भातसेचेंही गेलें. इमारतीच्या सभागृहांत मुंबईच्या पाण्याची चर्चा होते तेव्हां आमच्या डोंगरांतील वाड्यापाड्यांच्या उन्हाळ्यांतील तहानेची आठवण तेथें किती जणांस होत असेल, हा प्रश्न माझ्या वाचकांच्या मनांत येईलच. परंतु त्याचें उत्तर स्थपतीकडे मागतां येत नाहीं.

याच काळांतील एक लहान काम मला या मोठ्या इमारतींहून अधिक जिव्हाळ्याचें वाटतें. रतनशी मुळजी नांवाच्या कापसाच्या व्यापाऱ्याचा धरमशी हा एकुलता एक मुलगा १८८९ सालीं पंधराव्या वर्षीं वारला. त्याच्या स्मरणार्थ बापानें कोटांत माणसांस आणि जनावरांस पाणी पिण्यासाठीं एक कारंजें बांधविलें. त्याची रचना स्टीव्हन्स यांनीं केली व कोरीव काम ग्रिफिथ्स यांच्या कलाशाळेनें केलें. सर्वांत वर त्या मुलाची मूर्ति आहे. त्याच्या हातांत पुस्तक आहे. ओझ्याचे बैल आणि हमाल त्या ठिकाणीं पाणी पीत. मध्यंतरीं तें कारंजें फार दुरवस्थेंत होतें. २०१७ सालीं त्याची डागडुजी करण्यांत आली.

यापुढील मोठें काम चर्चगेटजवळचें, बाँबे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या कचेरीचें. तें १८९४ पासून १८९९ पर्यंत चाललें व त्यास सुमारें साडेसात लाख रुपये लागले. येथें खडबडीत काळानिळा दगड आणि त्यांत पांढऱ्या पोरबंदरी दगडाचे पट्टे आहेत. हा काळा दगड म्हणजे सह्याद्रीचाच दगड. आपला माहुली आणि आजोबा हे ज्याचे बनले आहेत, त्याच जातीचा. एका गवाक्षाच्या शिखरावर हातांत आगगाडीचें एंजिन व चाक घेतलेली एक स्त्रीमूर्ति आहे. घुमट आतां पुरते पौर्वात्य झाले आहेत, आणि गॉथिक खुणा मागें सरल्या आहेत. सेलर्स होम, बोरीबंदर, महानगरपालिका आणि ही कचेरी, अशा चार इमारती कोणी ओळीनें पाहिल्या, तर वीस-पंचवीस वर्षांत या माणसाची दृष्टि कशी पालटत गेली हें पुस्तकाशिवाय समजेल. पहिल्या इमारतींत ते शिकवावयास आल्यासारखे वाटतात. शेवटच्या इमारतींत ते शिकलेले दिसतात. हा पालट एखाद्या व्याख्यानानें किंवा सरकारी हुकमानें झाला नाहीं. रोजच्या रोज दगड, ऊन, पाऊस आणि येथले कारागीर यांच्या सहवासांत तो हळूहळू झाला.

या शिवाय फ्लोरा फाउंटनजवळची ओरिएंटल विमा कंपनीची इमारत आणि दूर हिमालयाच्या पायथ्याशीं नैनिताल येथील सरकारवाडा हींही त्यांचींच कामें. नैनितालचें काम १८९५ सालीं सुरू झालें. त्यांचे पुत्र चार्ल्स हेही स्थपति होऊन वडिलांच्या हाताखालीं काम करूं लागले होते.

या सुमारास मुंबईचे दिवस वाईट होते. १८९६ सालीं गांठीचा ताप, म्हणजे प्लेग, शहरांत शिरला आणि लोक गांवें जवळ करूं लागले. बोरीबंदरच्या ताऱ्यांच्या छताखालून त्या दिवसांत हजारों भेदरलेलीं कुटुंबें बाहेरगांवीं निघून गेलीं. स्टीव्हन्स मुंबईंतच राहिले. प्लेगानें त्यांस शिवलें नाहीं. ज्या रोगानें त्यांचा अंत झाला तो आमच्या जंगलपट्टीच्या लोकांच्या चांगल्या परिचयाचा आहे : हिंवताप. तो डांसांपासून येतो याचा पुरावा १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस शोधून काढला होता. पण तें ज्ञान घराघरांत पोंचण्यास पुष्कळ काळ जावयाचा होता. १९०० सालच्या मार्च महिन्यांत स्टीव्हन्स यांचें मुंबईस निधन झालें. त्या वेळीं त्यांचें वय बावन्न वर्षांचें होतें आणि त्यांतील बत्तीस वर्षांच्या वर काळ हिंदुस्थानांत गेला होता.

त्यांच्या मागें त्यांचे पुत्र चार्ल्स यांनीं मुंबईंत पित्याचा धंदा चालविला. कुलाब्याचें रीगल हें चित्रपटगृह, जें १९३३ सालीं उघडलें, तें त्यांचें काम होय. त्यांत घुमट नाहीं कीं कोरलेला मोर नाहीं. तोंवर जगाची आवड पार बदलली होती. बोरीबंदरच्या वास्तूस २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. स्टीव्हन्स यांना मात्र शिवडीच्या दफनभूमींत मूठमाती देण्यांत आली. बाथच्या मधाळ दगडापासून हजारों मैल दूर, मुंबईच्याच मातींत ते विसावले आहेत.